घड्यांचा किट घेतला, कागद झकास पण त्या छापील रेघांनी घोळ केला

आधीच सांगते मी काही ओरिगामीवाली नाही, मला होडी येते, विमान येतं आणि लहानपणी बोटांत घालून उघडझाप करायचो ते एक यायचं, तेही आता अर्ध्यात अडकतं. लेक साडेपाच वर्षांची आहे, सुट्टीत मोबाईलपासून लांब बसवायला काहीतरी पाहिजे होतं म्हणून हा कागदाच्या घड्यांचा किट मागवला. बॉक्सवर ४+ लिहिलंय. आत १५ सेंमीचे १०० चौरस कागद, त्यातले ४० वर घडीच्या रेघा छापलेल्या आणि ६० कोरे, एक पुस्तिका २४ वस्तूंची, घडी दाबायला एक प्लॅस्टिकची पट्टी, डोळ्यांचे स्टिकर आणि व्हिडिओ बघायला क्यूआर कोड. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये कारण असे किट बरेच येतात आणि आतला माल साधारण असाच असतो, त्यामुळे कुठलाही घेणार असाल तरी वाचा. दीड महिना वापरून मग लिहितेय, बॉक्स उघडल्या उघडल्या पाच स्टार देणाऱ्यांतली मी नाही.

कागदाबद्दल तक्रार नाही. एका बाजूने रंग दुसऱ्या बाजूने पांढरा, पातळ पण फाटत नाही, नख फिरवलं की घडी कडक बसते. साधा प्रिंटरचा कागद घेऊन बघा, दोन-तीन घड्या झाल्या की फुगायला लागतो आणि लहान बोटांना दाबतच नाही, इथं तसं होत नाही. रंग हाताला लागत नाही हे विशेष, कारण आमच्याकडे आधी एक स्वस्तातलं पॅकेट होतं त्याचा लाल रंग पोरीच्या हाताला आणि तिथून सोफ्याला. आणि कागद खरंच चौरस कापलेले आहेत, हे वाचायला फालतू वाटेल पण घडीकामात सगळं त्याच्यावर असतं. तपासायची सोपी ट्रिक, कोपऱ्यावर समोरचा कोपरा ठेवून तिरकी घडी घाला, कडेला पांढरी चिंधी दिसली की कागद चौरस नाही, आणि मग पोरानं कितीही नीट केलं तरी शेवटी मांजराचा एक कान छोटाच येणार आणि ते स्वतःलाच दोष देणार. मी दहा-बारा कागद असे तपासले, एकही वाकडा निघाला नाही.

आता रेघांचं. पुस्तिकेत म्हटलंय की रेघांमुळे लहान मुलांना सोपं जातं, मलाही पहिल्या दिवशी तेच वाटलं. कुत्र्याचं तोंड होतं पहिलं, म्हणजे तिरकी घडी घालून त्रिकोण, लांब बाजू वर, वरचे दोन कोपरे खाली आणले की कान, खालचं टोक मागे वळवलं की हनुवटी, डोळे चिकटवले की कुत्रा. लेकीनं रेघ बघितली, रेघेवर कागद वाकवला, दाबला, झालं. सात-आठ मिनिटांत कुत्रा तयार, आम्ही टाळ्या वाजवल्या, फोटो काढले, सगळ्यांना पाठवले. दुसऱ्या दिवशी मांजर, तिसऱ्या दिवशी कोल्हा. मी खूश.

मग पाचव्या दिवशी रेघवाले कागद मी वर ठेवले आणि म्हटलं आज कोऱ्या कागदाचा कुत्रा कर, तू तर दोनदा केलायस. कागद हातात घेतला, पालथा केला, सुलटा केला, आणि म्हणाली, "आई, याच्यावर रेघ कुठंय?" म्हटलं नाहीये रेघ, तसाच कर. तर तिला पहिली घडीच येईना! कोपरा कोपऱ्याला न्यायचा असतो हे तिच्या डोक्यात कधी गेलंच नव्हतं, तिच्यासाठी घडी म्हणजे रेघेवर वाकवायचं. एवढे दिवस ती कुत्री-मांजरं करत नव्हती, रेघा गिरवत होती, फक्त पेन्सिलीऐवजी कागद वाकवून.

त्यात अजून गंमत म्हणजे रेघा छापताना सरकल्यात. सगळ्यांवर नाही, पण पाच-सहा कागदांवर तिरकी रेघ कोपऱ्यातून निघायच्या ऐवजी कोपऱ्यापासून २ मिमी बाजूनं निघालीय, मी पट्टी लावून बघितलं. २ मिमी काय मोठंसं असं वाटतं पण घड्यांचं तसं नसतं, पहिल्या घडीत चुकलेले दोन मिलिमीटर दुसऱ्या घडीत पुढे जातात आणि तिसरीत अजून पुढे, शेवटी कोल्ह्याचं नाक कानाकडे. पोरगी रेघेवर अगदी बरोब्बर दुमडत होती आणि कोल्हा वाकडा होत होता, आणि तिला कळेना की माझं काय चुकलं. तिचं काहीच चुकलेलं नव्हतं. यासाठी एक स्टार मी रागानं कापलाय.

सोडवलं आमच्या आबांनी, माझे सासरे. ते पेपर वाचत बसले होते, पोरीचा रडका चेहरा बघून त्यांनी तोच पेपर घेतला, न बघता, म्हणजे अक्षरशः टीव्हीकडे तोंड करून, त्याची होडी केली. मग तिला जवळ बसवून कोरा कागद दिला आणि म्हणाले, "कोपऱ्यावर कोपरा ठेव. ठेवलास? आता डाव्या हाताचं बोट तिथंच ठेव, हलू द्यायचं नाही. आता उजव्या हातानं खाली ये आणि दाब." एवढंच. तिनं कोपरा ठेवला, बोट सुटलं, कागद सरकला, परत ठेवला, परत सुटलं. आबा काही बोलले नाहीत, हातही लावला नाही, मीच मध्ये बोट घालायला गेले तर त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी स्वयंपाकघरात निघून गेले. चौथ्या की पाचव्या वेळेला जमलं.

मला वाटतं या सगळ्या प्रकाराचा जीव इथंच आहे, कुत्र्यात नाही. एक हात धरून ठेवतो आणि दुसरा हात वेगळं काहीतरी करतो, हे लहान मुलाला सोपं नसतं, त्यांचे दोन्ही हात एकदम एकच काम करायला बघतात. डावा सोडायचा नाही, उजवा हलवायचा, डोळे कोपऱ्यावर, आणि कधी दाबायचं ते आपण ठरवायचं. रेघवाल्या कागदात हे सगळं गळून पडतं, कारण कोपरा जुळवायचा प्रश्नच येत नाही. म्हणजे किट ज्या गोष्टीसाठी विकताहेत तीच गोष्ट किटच्या रेघा खाऊन टाकतात, असा सगळा प्रकार.

यावर आम्ही काढलेला जुगाड सांगते. रेघा कागदाच्या पांढऱ्या बाजूला आहेत, तर पुस्तिकेतल्या वस्तू रंगीत बाजू वर ठेवून करायच्या, मग रेघा खाली जातात आणि पहिली घडी घालताना दिसत नाहीत, फक्त तयार वस्तू बाहेरून पांढरी होते आणि वर रेघा दिसतात, पांढरा कुत्रा रेघारेघांचा. लेकीनं त्यांना झेब्राकुत्रे नाव ठेवलं. चालतं, कागद वाया जात नाहीत.

पुस्तिकेतल्या २४ वस्तूंपैकी मी मोजल्या, नऊ वस्तू म्हणजे त्रिकोण करून दोन कोपरे वर किंवा खाली, बाकी फरक फक्त स्टिकरचा. कुत्रा, मांजर, कोल्हा, ससा, अस्वल, डुक्कर वगैरे. मोठ्या माणसाला ही फसवणूक वाटेल, मलाही वाटली, २४ लिहिलंय आणि त्यातल्या नऊ सारख्याच. पण पोरांच्या बाजूनं बघितलं तर हे चांगलंय. तीच घडी नऊ वेळा वेगवेगळ्या बहाण्यानं होते आणि तिला कंटाळा येत नाही कारण तिच्या मते आज ससा आहे, काल मांजर होतं. हातात घडी बसायला तेवढ्याच वेळा लागतं. म्हणून इथं स्टार कापत नाही.

नंतर एकदम उडी आहे. नऊ सोप्या झाल्या की कप, मग घर, मग मासा, आणि मग धाडकन बगळा, जो कव्हरवर ऐटीत उभा आहे. कप ठीक आहे, कप तर या किटमधली सगळ्यात भारी वस्तू आहे. त्रिकोण करायचा, लांब बाजू खाली, मग एक खालचा कोपरा समोरच्या तिरक्या बाजूवर नेऊन टेकवायचा, मग दुसरा, वरची दोन टोकं एक पुढे एक मागे. यात अडचण एकच, कोपरा समोरच्या बाजूवर नेमका कुठं टेकवायचा, कारण तिथं जुळवायला दुसरा कोपरा नाही. पुस्तिकेत तिथं एक टिंब दिलंय. टिंब नसेल तर बघायचं की वर येणारी कड खालच्या लांब बाजूला समांतर आहे का, आणि हे साडेपाच वर्षांच्या मुलीला समांतर शब्द न वापरता कसं सांगायचं यात माझे दहा मिनिटं गेली, शेवटी "रूळ असतात ना आगगाडीचे तसं दिसलं पाहिजे" यावर गाडी चालली. आणि मग त्या कपात तिनं खरं पाणी भरलं आणि प्यायली! थोडा वेळ टिकतं पाणी, मग बुडाला ओल येते. कुत्र्या-मांजरांपेक्षा तिला याचं अप्रूप जास्त, कारण कागद होता आणि आता त्यातून पाणी पिता येतं. त्या दिवशी घरात सगळ्यांना कपानं पाणी प्यावं लागलं.

बगळ्याबद्दल मात्र सांगायलाच पाहिजे. माझा भाचा आठ वर्षांचा, हुशार पोरगं, त्यानं बगळ्याला हात घातला. तिथं एक घडी येते ज्यात एक थर वर उचलून दोन्ही कडा आत घेत पाकळीसारखा लांब चपटा करायचा असतो, ती पुस्तिकेत एका चित्रात दिलीय. एका! आधी कागद सपाट, पुढच्या चित्रात पाकळी तयार, मधे काय झालं ते देव जाणे. मी म्हटलं व्हिडिओ लावू, तर व्हिडिओत बाई समोर बसून करतात, म्हणजे त्यांचं वर ते आपलं खाली आणि त्यांचं डावं ते आपलं उजवं, त्यात हा डावखुरा. तीन वेळा मागे-पुढे करून बघितलं आणि मग "मावशी मला नाही करायचं" म्हणून कागद चुरगळून टाकला. व्हिडिओ खांद्यामागून घ्यायला काय जातं, म्हणजे हात आपलेच वाटतात. बगळा ४+ च्या बॉक्सवर छापणं हे माझ्या मते चुकीचं आहे, कव्हर बघून पोरं तेच मागतात आणि मग हिरमुसतात.

अजून एक खटकलं ते खुणांचं. पुस्तिकेत आत वळायची घडी लाल रेघ आणि मागे वळायची घडी निळी रेघ अशी दाखवलीय, आणि ते कुठं लिहिलेलंही नाही, आपण ओळखायचं. आता घडीकामाच्या खुणा जगभर जवळपास सारख्या असतात, अकिरा योशिझावा म्हणून जपानी ओरिगामीकार होते (१९११ ते २००५), त्यांनी १९५० च्या दशकात तुटक रेघा आणि बाणांची पद्धत मांडली आणि पुढे थोडे बदल होऊन तीच सगळीकडे रुळली. साधी तुटक रेघ म्हणजे दरी, कागद आपल्याकडे वळतो. रेघ-टिंब-रेघ म्हणजे डोंगर, कागद मागे जातो. भाच्याला हे मी दुसरीकडच्या एका आकृतीवरून दहा मिनिटांत शिकवलं आणि त्याला ते कोडं सोडवल्यासारखं वाटलं. एकदा या खुणा वाचता आल्या की भाषा कुठलीही असो चित्र बघून करता येतं, मग कंपनीला स्वतःचे लाल-निळे काढायची काय हौस. या किटमधून शिकलेलं पोर दुसरी कुठली आकृती वाचू शकणार नाही.

पुस्तिकेच्या पहिल्या पानावर नेहमीचं आहेच, बुद्धी वाढते, गणित सुधारतं, एकाग्रता, स्मरणशक्ती, सगळं. मी असल्या दाव्यांकडे बघत नाही. कागद दुमडणं लहान मुलांना द्यावं हे काही नवीन नाही, फ्रोबेल नावाच्या जर्मन शिक्षकानं १८३७ मध्ये लहान मुलांसाठी संस्था काढली, १८४० मध्ये तिला किंडरगार्टन नाव दिलं, आणि मुलांच्या हाताला जी कामं दिली त्यात कागदाच्या घड्या होत्याच. बुद्धीचं मला माहीत नाही, मी घरात जे बघितलं ते सांगते.

एक तर शब्द आले. कड, कोपरा, मधोमध, तिरकं, उलटं कर, अर्ध्याचं अर्धं. आधी ती सगळ्याला "इकडे" आणि "तिकडे" म्हणायची, आता आबांना सांगते की आबा कड जुळली नाहीये. दुसरं म्हणजे अर्धं-पाव. कोरा कागद एकदा दुमडून उघडला दोन भाग, दोनदा चार, तीनदा आठ, हे ती घडी उघडून मोजते. चौथ्या घडीला किती होतील विचारलं तर ती म्हणाली नऊ, भाचा म्हणाला दहा, उघडून मोजले तर सोळा निघाले. दोघांनी परत मोजले. मग भाच्याला चेव आला की किती वेळा दुमडता येतो बघू, सहाव्या घडीला ६४ थर झाले, पोस्टाच्या तिकिटापेक्षा लहान जाडजूड ठोकळा, प्लॅस्टिकच्या पट्टीनं दाबून कसाबसा बसला, सातवी झालीच नाही. मी त्याला सांगितलं की २००२ मध्ये ब्रिटनी गॅलिव्हन नावाच्या अमेरिकेतल्या शाळकरी मुलीनं प्रचंड लांब कागद घेऊन १२ वेळा दुमडला होता, तर तो आता घरातल्या टिश्यूच्या रोलकडे वेगळ्या नजरेनं बघतोय, लपवून ठेवलाय मी.

पट्टीबद्दल, ती छान आहे पण लहान मुलांना सुरुवातीला देऊ नका. पट्टीनं घडी कडक बसते पण बोटाला कळत नाही की कागद जुळलाय की सरकलाय. आधी बोटाचं पेर, मग नख, मग पट्टी. आणि एक आबांचं बघून शिकले, घडी नेहमी आपल्याकडून लांब घालायची, खालची कड उचलून वर न्यायची, मग दुमड आपल्या पोटाशी येते आणि जुळवायची कड डोळ्यासमोर राहते. पुस्तिकेत निम्म्या ठिकाणी वरून खाली दाखवलंय. तसं असेल तिथं कागदच फिरवून घ्या, पोरगी आता आपोआप फिरवते.

बेडूक या कागदाचा करू नका. बेडूक उडतो तो मागच्या नागमोडी घडीच्या स्प्रिंगमुळे, आणि हा कागद त्यासाठी फार मऊ, दाबलं की बेडूक तिथंच पालथा. आम्ही एका जुन्या शुभेच्छापत्राचा केला, जाड कागदाचा, टुण्णकन उडून फ्रीजखाली गेला. डोळ्यांचे स्टिकर छोटे आहेत, घरात अजून तोंडात घालणारं बाळ असेल तर ते आधी उचलून ठेवा.

कुणी घ्यावा? पाच ते सात वर्षांच्या मुलांसाठी, आणि शेजारी बसायला मोठं माणूस असेल तर घ्या, बॉक्स देऊन आपण मोबाईल बघत बसणार असाल तर दोन दिवसांत कागद सगळ्या घरभर होतील. चार वर्षांच्या मुलाला नुसती पुस्तकासारखी घडी आणि रुमालासारखी घडी पुष्कळ झाली, त्याला किट नको, कुठलाही चौरस कागद द्या. आठच्या पुढच्यांना पहिला अर्धा किट बाळबोध वाटेल आणि दुसरा अर्धा अशक्य. ज्या मुलांना बोटांचं काम जड जातं त्यांच्यासाठी प्युअरलँड नावाचा प्रकार शोधा, जॉन स्मिथ नावाच्या ब्रिटिश माणसानं १९७० च्या दशकात काढला, त्यात एका वेळी एकच साधी घडी, दरी नाहीतर डोंगर, पाकळी-बिकळी काही नाही. खरं तर ४+ च्या किटमध्ये तेच असायला पाहिजे होतं.

पाचपैकी तीन. एक रेघांचा कापला, एक बगळ्याचा आणि त्या व्हिडिओचा मिळून. पुन्हा घेईन का तर किट नाही, नुसते याच जातीचे कोरे कागद मिळाले तर लगेच घेईन. सध्या बॉक्समध्ये ३१ कागद उरलेत, त्यातले २६ रेघवाले. बगळा अजून घरात कुणालाच आलेला नाही, मी रात्री पोरं झोपल्यावर दोनदा बसले होते, मान झाली, पंख येईनात.